मदत हवी आहे: नियोजन की बाजार, निकष कोणता लावायचा?

नमस्कार मंडळी,

काय आणि किती बनवायचं हे सरकारी नियोजनाने ठरवावं की बाजारावर सोडावं, यावर आमच्या वाचनगटात मला बोलायचंय. वाचायला घेतलं आणि दोन्ही बाजूंच्या सीमारेषाच पुसट व्हायला लागल्या, म्हणून हा धागा.

कोणाला काय हवंय, कुठे काय शिल्लक आहे ही माहिती लाखो लोकांत विखुरलेली असते. ती एका कचेरीत गोळा होत नाही, पण किमतींतून पोचते. हा बाजाराच्या बाजूने अर्थतज्ज्ञ हायेकने १९४५ साली मांडलेला मुद्दा पटला. पण मग सोव्हिएत गणितज्ञ कांतोरोविच भेटला. १९३०च्या दशकाच्या शेवटी सोव्हिएत प्लायवुड उद्योगातून त्याच्याकडे प्रश्न आला: कुठलं लाकूड कुठल्या यंत्रावर किती चढवायचं, म्हणजे माल जास्तीत जास्त निघेल? त्याने गणित मांडलं, तर त्यातूनच प्रत्येक अपुऱ्या साधनाचं मोल बाहेर पडलं. खरेदी नाही, विक्री नाही, तरी किंमत हजर! (पुढे १९७५चं अर्थशास्त्राचं नोबेल, अर्थतज्ज्ञ कूपमान्ससोबत विभागून.)

उलट्या बाजूला अमेरिकेचे सल्फर डायऑक्साइड हा प्रदूषक वायू सोडण्याचे परवाने. १९९०च्या कायद्याने वीजकेंद्रांच्या एकूण उत्सर्जनावर मर्यादा घातली, पण कोणी किती कमी करायचं ते परवान्यांच्या खरेदी-विक्रीवर सोडलं. प्रदूषण घटलं, खर्चही अंदाजापेक्षा कमी आला. हे आता कुठल्या खात्यात मांडायचं?

माझ्यापुरता मी एक निकष धरलाय: चूक किती लवकर उघडी पडते आणि भुर्दंड कोणाला बसतो. बिस्किटं खपली नाहीत तर कारखानदाराला महिन्याभरात कळतं. शाळा वाईट निघाली तर पालकांना कळेपर्यंत मुलाची वर्षं गेलेली असतात, मग शाळा सरकारी असो की खासगी. उपचारांचंही तेच, गरज कसली आहे हे विकणाराच ठरवतो, आणि उपचार नसता घेतला तर काय झालं असतं हे रुग्णाला कधीच कळत नाही. इथे माझा निकष दोन्ही बाजूंना नापास करतो आणि मी अडकतो.

तर जाणकारांनी सांगावं: अशा सेवांसाठी अर्थशास्त्रात याहून नेमकी कसोटी आहे का? की क्षेत्रागणिक वेगळं उत्तर शोधण्यावाचून इलाज नाही?

'सोव्हिएत संघाचं काय झालं' आणि 'मग २००८चं काय' हा सामना कृपया इथे नको, त्यावर धागे भरपूर आहेत. इंग्रजी लेख सुचवलेत तरी चालतील, गणित मात्र बेताचंच झेपतं.