नव्या क्रूझ जहाजाची अंतर्गत सजावट: प्रवाशांच्या पहिल्या प्रतिक्रियांमधून नेमकं काय घ्यायचं?

सुकाणू (प्रश्न; इथली सगळी नावं टोपणनावं)

नवं जहाज पहिल्या काही फेऱ्या करतं, तेव्हा प्रवासी आतल्या सजावटीबद्दल जे लिहितात त्यात ठरावीक तक्रारी पुन्हा पुन्हा दिसतात. "लाकूड खोटं वाटतं." "मधला चौक भव्य आहे, पण तिथे समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही." "केबिनच्या भिंती पत्र्याच्या आहेत." "रात्रभर करकर चालू होती." "बाथरूमला वास येतो." "दुसऱ्या दिवशीही जेवणघर सापडत नव्हतं."

यातलं काय डिझाइन चुकल्यामुळे, काय नियमांमुळे अटळ आणि काय निव्वळ नवेपणामुळे, हे वेगळं कसं काढायचं? आणि या प्रतिक्रिया गोळा करायच्या तर कधी आणि काय विचारून? "छान आहे", "भडक आहे" एवढ्यावरून काहीच दुरुस्त करता येत नाही.

डोलकाठी (उत्तर)

लाकडापासून सुरुवात करतो. ते बहुतेक वेळा खोटंच असतं आणि त्यामागचं कारण आग आहे. १९९० साली 'स्कँडिनेव्हियन स्टार' या जहाजाला लागलेल्या आगीत १५९ माणसं गेली. कॉरिडॉरच्या भिंतींवरचं मेलॅमाइन लॅमिनेट जळून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड निघाला, आणि बरेचसे लोक ज्वाळांनी नाही तर त्या धुराने गेले. म्हणून भिंतीवर काय चिकटवायचं हा प्रश्न जहाजावर आवडीनिवडीच्या आधी येतो.

सोलास म्हणजे समुद्रावरच्या जीवितसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार. त्याच्या नियमांत इथे दोन आकडे महत्त्वाचे. पृष्ठभागावरच्या ज्वलनशील थराची उष्णता दर चौरस मीटरला ४५ मेगाज्यूलच्या वर जाता कामा नये. आणि एका जागेतलं व्हेनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा), पट्ट्या, नक्षी असं सगळं ज्वलनशील सजावटीचं सामान एकत्र धरलं, तर त्याचं घनफळ भिंती आणि छत यांच्या एकूण क्षेत्रफळावर २.५ मिलीमीटरचा थर दिल्याइतकंच चालतं. उदाहरणार्थ २० गुणिले १५ मीटरचं, २.५ मीटर उंचीचं सभागृह घ्या. भिंती १७५ चौरस मीटर, छत ३००, म्हणजे एकूण ४७५. गुणिले २.५ मिलीमीटर म्हणजे साधारण १.१९ घनमीटर. अख्ख्या सभागृहाच्या भिंती-छतासाठी लाकडाचा एवढाच शिधा! जाणता डिझाइनर तो हात लागतो तिथे खर्च करतो: कठडा, बारची पुढची कड, दाराची चौकट. बाकी भिंतीवर पत्र्याच्या पॅनेलवर छापील फिल्म. प्रवासी हाताने लाकूड ओळखतात. कठडा खरा असेल तर मागच्या भिंतीकडे कुणी फारसं लक्ष देत नाही.

खरी चूक होते ती छापाच्या पुनरावृत्तीत. फिल्मवरची तीच गाठ दर मीटर-सव्वा मीटरने दिसली की डोळा लगेच पकडतो. पॅनेल बसवताना वेगवेगळ्या रोलमधली आलटून-पालटून लावली तर हे टळतं. एकदा बसवल्यावर उपाय नाही, त्यामुळे ही तक्रार पुढच्या जहाजासाठी जपून ठेवायची.

दगडाचंही तसंच. २० मिलीमीटर जाडीचा संगमरवर चौरस मीटरला ५४ किलोच्या आसपास भरतो. वरच्या डेकवर एवढं वजन चढवलं की जहाजाचा गुरुत्वमध्य वर जातो. म्हणून अॅल्युमिनियमच्या मधाच्या पोळ्यासारख्या जाळीवर ५ मिलीमीटरचा काप चिकटवतात आणि वजन २० किलोच्या आत आणतात. टकटक केल्यावर पोकळ वाजतो म्हणून तो दोष नव्हे. कोपऱ्यात जाळीची कड उघडी दिसत असेल किंवा टवका उडाला असेल, तर मात्र काम कच्चं आहे.

आता चौक. तीन किंवा अधिक डेक एकमेकांना उघडे असले की नियमाच्या भाषेत तो अॅट्रियम. तो एकाच उभ्या अग्निविभागात (आग पसरू नये म्हणून अग्निरोधक भिंतींनी वेगळा केलेला जहाजाचा भाग) बसवावा लागतो. हा विभाग साधारण ४० मीटर लांब, काही अटींवर ४८ पर्यंत, आणि एका डेकवर त्याचं क्षेत्रफळ १६०० चौरस मीटरच्या आत. वरून धूर काढणारी यंत्रणा अशी हवी की चौकातली सगळी हवा १० मिनिटांत बाहेर जाईल. छतावर दिसणाऱ्या मोठ्या जाळ्या त्यासाठी असतात.

आवाजाचा त्रास मात्र नियमामुळे नाही. तो टाळता येतो आणि नंतरही सुधारता येतो. पोलाद, काच, दगड यातलं काहीच आवाज शोषत नाही. हिशोब सोपा आहे: चौकाचं घनफळ ६००० घनमीटर आणि एकूण शोषण (आवाज पूर्ण गिळणारा पृष्ठभाग किती, त्या मापात) ४०० चौरस मीटर असेल, तर आवाज विरायला ०.१६१ × ६००० ÷ ४०० म्हणजे २.४ सेकंद लागतात. १.५ सेकंदावर आणायचं तर शोषण ६४४ हवं, म्हणजे २४४ ची भर. बारीक छिद्रांच्या धातूच्या पॅनेलमागे खनिज लोकर घातली आणि शोषणाचा गुणांक ०.८ धरला, तर सुमारे ३०० चौरस मीटर पॅनेल लागतील. ती सज्जांच्या खालच्या बाजूला लावायची. ती जागा डोळ्यांत भरत नाही आणि आवाज तिथेच आपटून परत येतो. जाड गालिचा टाकून भागत नाही, कारण तो वरच्या पट्टीचेच आवाज खातो, खालची घुमघुम तशीच राहते.

तांडेल

केबिनच्या भिंती पत्र्याच्या "वाटतात" असं नाही, त्या पत्र्याच्याच असतात. दोन बाजूंना पातळ पोलादी पत्रा, मध्ये खनिज लोकर, वर फिल्म. जाडी बहुधा २५ किंवा ५० मिलीमीटर. चुंबकाचे हूक चिकटतात ते त्यामुळेच. केबिन कारखान्यात पूर्ण तयार होते, अगदी आरसा आणि दिव्यांसकट, आणि मग जहाजाच्या बाजूला ठेवलेल्या मोकळ्या जागेतून आत सरकवून जागेवर बसवतात. त्यामुळे एका केबिनमध्ये दोष निघाला तर त्याच तुकडीतल्या इतर केबिनमध्येही तो बघायचाच.

शेजारचं बोलणं ऐकू येतं, ही तक्रार तपासून घ्या. कर्मचाऱ्यांच्या केबिनसाठी आयएमओच्या (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या) आवाज-संहितेत दोन केबिनमधल्या भिंतीचा किमान ध्वनिरोध ३५ डेसिबल आहे, दोन्हींच्या मध्ये दार असेल तर ३०. प्रवाशांच्या केबिनसाठी वर्गीकरण संस्थेचा (जहाज तपासून त्याला दर्जा देणाऱ्या संस्थेचा) आराम-दर्जा लागतो. ३५ वर मोठ्याने बोललेलं पलीकडे कळतं, ४५ वर जवळपास नाही. पण पुष्कळदा भिंत ठीक असते आणि आवाज दुसऱ्याच वाटेने येतो. त्या वाटा तीन: छतावरची सलग पोकळी, दोन बाथरूममधला सामाईक पाइपांचा कप्पा आणि मधल्या दाराखालची फट. पहिल्या दोन ठिकाणी पाइप-तारांच्या भोकांभोवती लोकर आणि अग्निरोधक सीलंट भरायचा, तिसऱ्या ठिकाणी खाली दबणारी रबरी पट्टी लावायची. पण थांबा, कॉरिडॉरच्या दाराखालची किंवा बाथरूमच्या दारातली फट बुजवू नका. केबिनमध्ये हवा छतातून येते आणि बाथरूममधून ओढली जाते. ती वाट बंद केली की बाथरूम दमट राहतं.

याच हवेमुळे आणखी एक तक्रार येते: "दार धाडकन आपटतं, शिट्टी वाजते." बाल्कनीचं दार उघडं असताना कॉरिडॉरचं दार उघडलं की दाबाचा फरक क्षणात मोकळा होतो. बाल्कनीच्या दाराला स्विच असेल तर ते उघडताच वातानुकूलन थांबायला हवं. थांबत नसेल तर स्विच नीट बसलेला नाही आणि दमट हवेत वातानुकूलनाच्या थंड नळ्यांवर पाणी साचून छतातून थेंब पडतात. प्रवासी त्याला "गळती" म्हणतात.

बाथरूमचा वास ही निव्वळ नवेपणाची तक्रार. केबिन बसल्यापासून प्रवासी येईपर्यंत महिने जातात आणि पाणी वाहून जायच्या जाळीखालच्या सापळ्यातलं (वास अडवणाऱ्या पाइपाच्या वळणातलं) पाणी सुकतं. प्रत्येक जाळीत अर्धा ते एक लिटर पाणी ओतलं की वास बंद. जाळ्या किती आहेत ते मोजा. जहाज थोडं कलतं, म्हणून चांगल्या बाथरूममध्ये समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन असतात. एकच असेल तर एका बाजूला कललेल्या जहाजात पाणी उंबऱ्यापर्यंत येतं, आणि ती मात्र रचनेतली चूक.

प्रकाशाबद्दल कुणी स्पष्ट लिहीत नाही. "थंड वाटलं", "चेहरा आजारी दिसला" असं लिहितात. कारण बहुधा एकच: पलंगाजवळ २७०० केल्विन, आरशावर ४००० (आकडा जितका मोठा तितका उजेड पांढरा-निळसर). दोन्ही ३००० च्या आत आणा, रंगदर्शकता (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात, ते शंभरपैकी) ९० च्या वर ठेवा. आरशाला वरून एकच दिवा असेल तर डोळ्यांखाली सावली पडते, दोन्ही बाजूंना हवेत.

सुकाणू

खूप उपयोगी. करकरीचं राहिलं. प्रवासी "भिंत वाजते" एवढंच लिहितात. दुसऱ्या दिवशी तिथे जाऊन पाहिलं तर काहीच आवाज नसतो.

तांडेल

कारण समुद्र शांत झालेला असतो. जहाज लाटेवर किंचित वाकतं आणि पिळवटतं, तेव्हा पॅनेलच्या सांध्यात पत्र्यावर पत्रा घासतो. तो आवाज बंदरात ऐकू येणारच नाही. म्हणून लाट असतानाच शोधायचं.

आधी कपाटातले हँगर काढून पलंगावर ठेवा, खण आणि दारं नीट लावून घ्या, टेबलावरचे ग्लास बाजूला करा. निम्म्या तक्रारी इथेच संपतात. मग एक जण शांत बसून ऐकतो, दुसरा तळहाताने एकेक पॅनेल दाबत जातो, छताची आधी. दाबल्यावर आवाज थांबला की सांधा सापडला. त्या सांध्यावर टेपचा तुकडा लावून तारीख, लाटेची उंची, जहाजाची दिशा आणि फ्रेम क्रमांक (जहाजाच्या सांगाड्यातल्या जवळच्या बरगडीचा क्रमांक) लिहा. दुरुस्ती बंदरात: पॅनेल उतरवून सांध्याच्या खाचेत टेफ्लॉनची पट्टी किंवा अग्निपरीक्षण झालेली पातळ नमद्याची पट्टी, आणि सैल क्लिप बदलायची. स्क्रू ठोकून पॅनेल पोलादाला घट्ट आवळू नका. आवाज थांबतो, पण इंजिनाची थरथर थेट भिंतीत उतरते.

बांधणाऱ्या गोदीची हमी साधारण वर्षभराची असते, आणि "रात्री वाजतं" एवढ्यावर कुणी काही बदलून देत नाही. फ्रेम क्रमांक आणि लाटेची नोंद असली की काम होतं.

होकायंत्र

जेवणघर सापडत नाही, यात प्रवाशाची काहीच चूक नाही. मुदपाकखाना डेकची अख्खी रुंदी व्यापून बसला की मागच्या जेवणघरात त्याच डेकवरून चालत जाता येत नाही. वर चढून, पलीकडे जाऊन, पुन्हा उतरावं लागतं. नकाशात ते सरळ दिसतं, पायांना कळत नाही. इंजिनाच्या धुराच्या वाटाही मध्येच येतात. १९३५ च्या 'नॉर्मंडी'वर त्या दोन्ही बाजूंना फाकवल्या होत्या आणि त्यामुळे मधली दालनं एका रेषेत, एका नजरेत आली. ती युक्ती महाग आहे, जागा खाते, पण प्रवाशाच्या पहिल्या तासावर तिचा जेवढा परिणाम होतो तेवढा कुठल्याच झुंबराचा होत नाही.

लांबच लांब अंतर्गत रस्ता असलेल्या जहाजांत ('सिल्या सेरेनाड', १९९०, 'व्हॉयेजर ऑफ द सीज', १९९९) अग्निविभागांच्या सीमांवर दारं लपवावी लागतात. तिथे रस्ता जरा आवळल्यासारखा वाटतो. ती जागा लपवण्यापेक्षा तिला कमानीचं रूप द्या, वेगळा रंग द्या. लोक ती खूण म्हणून लक्षात ठेवतात.

जहाज बांधून झाल्यावरही करता येण्यासारखं पुष्कळ आहे. जिन्यांचे पुढचा, मधला, मागचा असे तीन रंग ठरवा आणि तोच रंग गालिच्यात, लिफ्टच्या चौकटीत, केबिनच्या पाटीवर आणा. लाल-हिरवा ही जोडी नको, तो फरक न दिसणारे पुरुष कमी नसतात. सम-विषम क्रमांकांनी डावी-उजवी बाजू कळते, पण ते कुणीतरी सांगावं लागतं, म्हणून लिफ्टमधून बाहेर पडताच समोर बाण हवा. काही जहाजांवर गालिच्यातले मासे नाळेकडे (जहाजाच्या पुढच्या टोकाकडे) तोंड करून पोहतात. ते मला फार आवडतं, कारण मान खाली घालून चालणाऱ्यालाही दिशा कळते. पाट्या वाढवत जाऊ नका. लिफ्टसमोरच्या पाटीवर पाचपेक्षा जास्त ठिकाणं असली की लोक वाचणं सोडून विचारायला लागतात.

जमिनीपासून ०.३ मीटरच्या आत असलेली मार्गदर्शक प्रकाशपट्टी मात्र रंगसंगतीसाठी झाकू नका. धूर वर साचतो आणि माणूस रांगत जातो, तेव्हा तीच दिसते.

शीड

एक छोटी भर. पहिली प्रतिक्रिया पुष्कळदा नावाशी केलेल्या तुलनेतून येते. 'सेलेब्रिटी एज'वर (२०१८) बाल्कनी केबिनमध्येच सामावलेली आहे, काचेचा वरचा अर्धा भाग बटणाने खाली जातो. क्षेत्रफळ वाढतं, आत उजेड जास्त येतो, पण "बाल्कनी" म्हणून पैसे दिलेल्याला ती खिडकी वाटते. अशा वेळी तक्रार सजावटीखाली धरू नका, आरक्षणाच्या वेळच्या वर्णनाखाली धरा.

नोंदवही

प्रतिक्रिया घेण्याबद्दल. तीन वेळा विचारा: चढल्यावर दोन तासांत, तिसऱ्या दिवशी आणि शेवटच्या संध्याकाळी. एकाच माणसाला तिन्ही वेळा. पहिल्याच दिवशी आलेली आणि तिसऱ्या दिवशी गेलेली तक्रार सवयीची. तिसऱ्या दिवशी उगवलेली तक्रार झोप, आवाज, साठवणीची जागा यांची, आणि तिला जास्त वजन द्या. तिन्ही वेळा टिकलेली असेल तर ती रचनेची.

"आवडलं का" विचारू नका. हे विचारा: पहिल्यांदा चुकीकडे कुठे वळलात? कुठे थांबून कुणाला विचारावं लागलं? कुठे आवाज चढवून बोलावं लागलं? रात्री कशाने जाग आली? बॅग उघडल्यावर काय ठेवायला जागा मिळाली नाही? उत्तरासोबत डेक, बाजू, जवळचा जिना आणि वेळ लिहून घ्या.

मग डेकच्या नकाशावर प्रत्येक उत्तराचा ठिपका मांडा. चुकीच्या वळणाचे ठिपके एकाच लिफ्टसमोर गोळा झाले तर तिथली पाटी बदला आणि पुढच्या फेरीत त्याच जागेचे ठिपके पुन्हा मोजा. विखुरलेलेच असतील तर आधी छापील नकाशा तपासा, तो पुष्कळदा आडवा छापलेला असतो आणि चालणाऱ्याच्या तोंडाशी जुळत नाही.