कॅसाब्लांका बघितला, पण लोक एवढं काय म्हणून वेडे होतात?

पावसाळी_राजारामपुरी
मंडळी एक शंका आहे, हसू नका. रविवारी बाहेर पाऊस धो धो, कुठं जायची सोय नाही, म्हणून शेवटी तो कॅसाब्लांका बघून टाकला. १९४२ चा, ब्लॅक अँड व्हाइट, मायकल कर्टिझचा. जगातली भारी लव्हस्टोरी म्हणून इतकी वर्षं नुसतं ऐकत आलोय. आता खरं सांगतो, पहिला अर्धा तास मी मोबाईलच बघत होतो. दुसऱ्या महायुद्धातनं पळून मोरोक्कोतल्या कॅसाब्लांकात अडकलेला जो तो त्या रिकच्या बारमध्ये येतोय, कुणाला व्हिसा पाहिजे, कुणी हिरे विकतंय, आणि रिक झालेला हिरो बोगार्ट म्हणजे चार रात्री झोप नसल्यासारखं तोंड. एवढं करून शेवटी हिरॉइन नवऱ्याबरोबर विमानात बसून जाते! पण गंमत अशी की बुधवार उजाडला तरी डोक्यातून जाईना, बारमधल्या सॅमचं ते पियानोवरचं गाणं तीनदा लावलं, बायको म्हणाली तुम्हाला झालंय काय. तर तुम्हीच सांगा, ८० वर्षं झाली तरी हे उतरत का नाही?

तांबडा_पांढरा
लगा, हिरोनं हिरॉइन पळवून नेली असती तर तू बुधवारपर्यंत डोक्यात ठेवला असतास का? सोमवारीच विसरून दुसरा पिच्चर लावला असतास. आणि शेवट काय करायचा हे शूटिंग चालू होतं तरी लिहिणाऱ्यांचं ठरत नव्हतं. हिरॉइन झालेली इन्ग्रिड बर्गमन विचारायची की माझं प्रेम नक्की कुणावर, तर तिला सांगितलं की दोघांच्या मधोमध ठेव. म्हणून तर ती बोगार्टकडं बघते तेव्हाही वाटतं की खरंय आणि नवऱ्याकडं बघते तेव्हाही खरंच वाटतं. मला स्वतःला स्टेशनवरची चिठ्ठी लई लागते. दोघांनी मिळून पॅरिस सोडायचा दिवस, वरनं पाऊस, ती आलीच नाही, सॅमनं चिठ्ठी आणून दिली आणि वाचता वाचता शाई ओघळायला लागली. तो रडत नाही, कागद रडतोय. नाद खुळा.

मामाचा_भाचा_लाइटमन
आमचे मामा कोल्हापूरच्या जयप्रभा स्टुडिओत लाइटमन होते, त्यांच्याबरोबर पहिल्यांदा बघितला. स्टोरी त्यांना काहीच कळली नाही, इंग्रजी येत नव्हतं, पण बर्गमनचा क्लोजअप आला की म्हणायचे थांबव थांबव, परत मागं घे. डोळ्यात तो जो ठिपका चमकतो ना, त्याला वेगळा छोटा लाइट लावलाय, आणि लेन्ससमोर झिरझिरीत जाळी, आणि शक्यतो चेहऱ्याची डावीच बाजू. कॅमेरा आर्थर एडेसनचा. मामांचं म्हणणं, कलरमध्ये हा चेहरा एवढा उजळणारच नाही. सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांच्या गावातला माणूस, त्याला काय सांगायचं कप्पाळ.
अजून एक, शेवटी धुक्यात उभं असलेलं विमान खरं नाहीच. स्टुडिओत लहान आकाराचं खोटं विमान बनवलं, ते मोठं वाटावं म्हणून आजूबाजूला बुटकी माणसं उभी केली आणि खोटेपणा झाकायला धुकं सोडलं. आपण मात्र ते धुकं बघून गहिवरतो.

शाहूपुरीची_ताई
सगळे कौतुकच करताय म्हणून मी जरा मीठ टाकते. इल्सा, म्हणजे बर्गमन, एका जागी रिकला सांगते की आता दोघांच्या वाटचा विचार तूच कर, तिथं माझं डोकं दरवेळी फिरतं. एवढी युद्धातनं आलेली बाई, स्वतःचा निर्णय स्वतः घ्यायला काय झालं होतं? आणि मोरोक्कोत घडतंय म्हणे, पण मोरोक्कोची माणसं दिसतात ती टोपी घालून काहीतरी विकताना. बरं, सॅमच्या बोटांवर भाळलेल्यांनो, डूली विल्सन ड्रमर होता, पियानो त्याला येतच नव्हता.
तरी मी चारदा बघितलाय, आणि पाचव्यांदा बघणार ते त्या मार्सेयेझसाठी. जर्मन ऑफिसर आपलं गाणं म्हणत असतात, इल्साचा नवरा लाझ्लो बँडवाल्यांकडं जाऊन फ्रान्सचं राष्ट्रगीत वाजवा म्हणतो, बँडवाले रिककडं बघतात आणि रिक नुसती मान हलवतो. बास, एवढंच. तिथनं पुढं माझ्या अंगावर काटा.

वळिवडे_आजोळ
ताई, त्या गाण्यात डोळ्यात पाणी आणून ओरडणारी पोरगी आठवते? मादलेन लबो, १९ वर्षांची. ती आणि तिचा नवरा मार्सेल दालिओ १९४० ला जर्मन यायच्या आधी पॅरिसमधून पळाले, लिस्बनमार्गे. म्हणजे पिच्चरमधले लोक अमेरिकेला जायला ज्या लिस्बनसाठी तडफडतात त्याच वाटेनं. दालिओ फ्रान्समधला मोठा नट, ज्यू होता, नाझींनी त्याचा फोटो पोस्टरवर छापला होता, ज्यू ओळखायचा असेल तर असा दिसतो म्हणून. इथं त्याला काम काय, तर रिकच्या जुगाराच्या टेबलावर चाक फिरवायचं, आणि क्रेडिटमध्ये नावसुद्धा नाही.
माझं आजोळ कोल्हापूरजवळच्या वळिवड्याजवळ म्हणून मला हे जास्त लागत असेल. १९४३ पासून तिथं पोलंडच्या निर्वासितांचा कॅम्प होता, पाच हजारांच्या आसपास माणसं, बहुतेक बायका, पोरं आणि म्हातारी. रशियानं सायबेरियात नेऊन टाकलेली, तिथनं इराणमार्गे आपल्याकडं. घरातली पुरुष मंडळी बरीचशी लढाईवर. आज्जी सांगायची, भाजी घ्यायला आल्या की बोटांवर आणे मोजायच्या, हसायच्या पण लगेच, आणि पोस्टमन दिसला की हातातली पिशवी तिथंच टाकून पळायच्या. ते गेले आणि फाळणीनंतर त्याच बराकीत सिंधी निर्वासित आले, तेच आजचं गांधीनगर. आपण तिथं साड्या घ्यायला जातो.
तेव्हा रिकच्या बारमधली ती गर्दी तुला अर्धा तास कंटाळा वाटली ना भावा, माझ्यासाठी पिच्चर तोच आहे. ते दोघं प्रेम करतात तेसुद्धा रांगेत उभं राहूनच.

पावसाळी_राजारामपुरी
आयला. काल रात्री परत लावला, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून. ती बल्गेरियाची नवी लग्न झालेली पोरगी आहे बघा, नवरा व्हिसाच्या पैशासाठी जुगार खेळून हरत असतो, रिक येऊन हळूच सांगतो २२ वर लाव, आणि २२ येतो, परत लाव म्हणतो, परत २२ येतो. पहिल्यांदा बघताना मी रिककडंच बघत होतो. ह्यावेळी चाक फिरवणाऱ्याकडं बघितलं. दालिओ. डोळे रिककडं, आणि ते पैसे पोराकडं सरकवतो.