पॅराडाइजची स्नोशू सहल : नवख्या कुटुंबाने काय तयारी करावी?

रेडमंडकर
नमस्कार. आम्ही गेल्या वर्षी पुण्याहून सिअॅटलजवळ राहायला आलो. माउंट रेनियर राष्ट्रीय उद्यानात पॅराडाइज येथे रेंजर स्नोशू (पाय बर्फात खोल रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायची रुंद चौकट) घालून चालण्याची जी सहल नेतात, तिला फेब्रुवारीत जाण्याचा विचार आहे. सोबत पत्नी आणि नऊ वर्षांची मुलगी असेल. त्याच सुमारास आईबाबाही इथे येणार आहेत आणि बाबांचे गुडघे दुखतात. सह्याद्रीत मी पुष्कळ भटकलो असलो तरी बर्फावर आजवर एक पाऊलही टाकलेले नाही. स्नोशू विकत घ्यावेत का, कपडे कोणते असावेत आणि मुलीला व बाबांना हे झेपेल का, हे कृपया सांगावे.

टाकोमावासी
स्नोशू मुळीच विकत घेऊ नका. आम्ही गेलो तेव्हा रेंजरांनीच ते दिले होते आणि त्याबद्दल ऐच्छिक देणगीची विनंती केली होती. नावनोंदणी पॅराडाइजच्याच जॅक्सन अभ्यागत केंद्रात सहलीच्या तासभर आधी, आधी येईल त्याला आधी या तत्त्वावर झाली. गटात २५ जण, किमान वय ८ वर्षे, अंतर सुमारे १.८ मैल आणि वेळ दोन तास असे स्वरूप होते. यंदाचे वार व वेळा उद्यानाच्या संकेतस्थळावर पाहूनच निघा.

चालण्याचे तंत्र पंधरा मिनिटांत जमते. बुटाचा पुढचा भाग पट्ट्यांनी स्नोशूला आवळलेला असतो आणि टाच मोकळी राहते. त्यामुळे पाऊल उचलले की स्नोशूची शेपटी बर्फावरून नुसती घासत येते. पाय नेहमीपेक्षा थोडे फाकवून टाकावेत, एवढेच ध्यानात ठेवा, नाहीतर आपल्याच स्नोशूवर आपला पाय पडतो. मागे मात्र सरकू नका. शेपटी बर्फात रुतते आणि माणूस बसकण मारतो (मी दोनदा मारली). वळायचे असेल तर लहानसा वळसा घालून वळावे. शिवाय स्नोशूमुळे आपण बर्फावर तरंगतो, हा गैरसमज आहे. वजन मोठ्या पृष्ठभागावर विभागले जाते, म्हणून कंबरेपर्यंत जाण्याऐवजी पाय वीतभर जातो, इतकेच.

हिमपाऊल
वरील सर्व बरोबर आहे, परंतु नवख्यांची सहल बिघडते ती पायांमुळे नव्हे, तर घामामुळे. सह्याद्रीत आपण सुती टी-शर्ट घालून चढतो, तो घामाने चिंब होतो आणि खिंडीतला वारा लागला की बरे वाटते. इथे तोच ओला सुती कपडा, रेंजर झाडांविषयी सांगण्यासाठी पाच मिनिटे थांबले की, अंगातली सगळी ऊब ओढून घेतो. म्हणून जीन्स आणि सुती मोजेसुद्धा घरी ठेवा. अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ कपडा, त्यावर फ्लीस (मऊ, उबदार कृत्रिम कापडाचा कपडा) आणि सर्वांत वर पाणी अडवणारे जाकीट, असे तीन थर घ्या. निघताना किंचित थंडी वाजत असेल तर कपडे योग्य तेवढे झाले असे समजावे. चालताना एक थर काढायचा आणि थांबताक्षणी, थंडी वाजण्याची वाट न पाहता, परत चढवायचा. मुले हे स्वतःहून करत नाहीत, त्यांना सांगावे लागते.

समुद्रावरून येणाऱ्या दमट हवेमुळे या डोंगरांतला बर्फ ओलसर आणि जड असतो, त्यामुळे बाहेरूनही ओल येतेच. आपल्याकडच्या पावसाळी भटकंतीतले कापडी हंटर शूज इथे उपयोगाचे नाहीत. घोट्यापर्यंतचे, पाणी न शिरणारे बूट हवेत. हातमोज्यांची एक जादा जोडी आणि गॉगलही न्या, कारण ढगाळ दिवशीही बर्फावरच्या उजेडाने डोळे दिपतात.

चाकरमानी
कपड्यांची चर्चा चालू राहू द्या, पण आधी तिथे पोहोचायला हवे! १ नोव्हेंबर ते १ मे या काळात उद्यानात प्रत्येक वाहनात टायरच्या साखळ्या (बर्फावर पकड यावी म्हणून टायरवर चढवायच्या) असणे बंधनकारक आहे, चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या (फोर-व्हील ड्राइव्ह) गाड्यांतसुद्धा. त्या घरासमोर कोरड्या जमिनीवर एकदा चढवून पाहा. अंधारात, गारठलेल्या बोटांनी ते प्रथमच करणे हा छळ आहे. उद्यानातल्याच लाँगमायर या ठिकाणापासून वर पॅराडाइजला जाणारा रस्ता रात्री बंद होतो आणि सकाळी बर्फ हटवल्यावरच फाटक उघडते. या उशिराला कोणालाही दोष देता येत नाही, कारण तिथे बर्फच प्रचंड पडतो : १९७१-७२ च्या हंगामात पॅराडाइजला १,१२२ इंच, म्हणजे जवळजवळ साडेअठ्ठावीस मीटर बर्फ पडला होता.

रेडमंडकर
सर्वांचे आभार. साखळ्यांचे मला ठाऊकच नव्हते. बाबांविषयी मात्र अजून मन द्विधा आहे. ते "मी येणारच" म्हणतात.

हिमपाऊल
काकांना सहलीत नेऊ नका असे माझे मत आहे. पॅराडाइज सुमारे ५,४०० फुटांवर आहे, मऊ बर्फात प्रत्येक पाऊल उचलून टाकावे लागते आणि दुखऱ्या गुडघ्यांना उतारच अधिक त्रास देतो. गटातून मध्येच एकट्याने परतणेही योग्य नाही. त्यांना व काकूंना अभ्यागत केंद्रात बसू द्या; आकाश मोकळे असेल तर पर्वत तिथूनही दिसतो. तुम्ही परतल्यावर, काकांची इच्छा असल्यास, वाहनतळाजवळच्या सपाट, दाबलेल्या बर्फावर हाती काठ्या देऊन त्यांना दहा मिनिटे फिरवा.

मुलीला एक गोष्ट आधीच बजावून ठेवा. फर आणि हेमलॉक या सूचिपर्णी झाडांच्या खाली वाकलेल्या फांद्यांखाली, बुंध्याभोवती बर्फ पोकळ राहतो आणि वरून तो खड्डा दिसत नाही. त्यात माणूस डोक्यापर्यंत जाऊ शकतो. झाड कितीही सुंदर दिसले तरी छायाचित्रासाठी बुंध्याला टेकायला जायचे नाही. रेंजरांच्या वाटेवरूनच चालायचे.