कोपऱ्यावरचं हॉटेल आणि आजची बातमी : तुमचे अनुभव लिहा

माहीमची मांजर
रविवारी सकाळी कोपऱ्यावरच्या इराण्याकडे गेले होते. तिथे पेपर एकच येतो आणि त्याची पानं टेबलांवर वाटली जातात, क्रीडापान कायम पंख्याखालच्या टेबलावर, माझ्या वाट्याला छोट्या जाहिराती. समोर एक काका, नाव माहीत नाही, गेली सहा वर्षं आम्ही एकमेकांना "बसा बसा" एवढंच म्हणतो. तर ते ब्रून पाव चहात बुडवता बुडवता एकदम म्हणाले, "हा पाव आता गॅसवर होणार."

तो हायकोर्टाचा ९ जानेवारी २०२५ चा आदेश आठवतोय का, लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्या सहा महिन्यांत गॅसवर नैतर विजेवर न्या म्हणणारा? तो आमच्या बेकरीपर्यंत आत्ता पोचलाय, जुनी भट्टी पाडायला घेतलीय. मग काय, चारही टेबलं सुरू. एकजण प्रदूषणावर, एकजण बिल्डरवर, एकाचं म्हणणं आधी रस्त्यांचं खोदकाम थांबवा मग आमच्या पावाकडे बघा. वेटर म्हणे, "पाव कुठूनपण येऊ दे, मस्का तोच ना."

बातम्या काय, मोबाईलवर कळतातच. पण भांडायला माणूस लागतो आणि तो इथे चहाच्या पैशात मिळतो. तुमच्या गल्लीत आहे का असं हॉटेल? कुठल्या बातमीवरनं राडा झाला? बुफे, रूफटॉप वगैरे नको. फडका मारायच्या आधीच आपण जिथे बसतो, तसलं.

भट्टीशेजारी
माझं जरा वेगळं आहे, रागावू नका. आमची चाळ बेकरीला चिकटून. लोक म्हणतात काय सुंदर वास, पण तो पाचचा, पावाचा. तीनचा वास कुणी घेतलाय? तेव्हा भट्टी पेटते आणि तिच्यात भंगारातलं फर्निचर जातं, प्लायवूड, रंगवलेल्या खिडक्या, एकदा तर सनमायकासकट कपाटाचं अख्खं दार, कारण चांगल्या लाकडापेक्षा ते स्वस्त पडतं. मुलगी चार वर्षांची असल्यापासून दम्याचा पंप घेते. खिडकीच्या गजावर बोट फिरवलं की काजळ. आणि तरी साडेसहाला पिशवी घेऊन लादी आणायला खाली कोण जातं तर मीच, डब्याला दुसरं काय देणार. बेकरीवाल्याशी दोनदा भांडलोय, पण माणूस वाईट नाही, त्याचे कामगार भट्टीच्या वरच्या माळ्यावरच झोपतात म्हणजे आमच्याहून जास्त धूर त्यांच्या छातीत. गेल्या महिन्यात त्याने नव्या ओव्हनचं कोटेशन दाखवलं. आकडा बघून मीच गप्प बसलो.

गल्ल्यावरून
आमचंच छोटं हॉटेल आहे उपनगरात, मिसळ, पावभाजी, दुपारी राईसप्लेट. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी बदलला, त्या दिवशी नेमकी घटस्थापना. सकाळी सातला पहिलं गिऱ्हाईक, साबुदाण्याची खिचडी मागवली आणि म्हणतं, "वहिनी, आजपासून स्वस्त ना?" अहो, पाकिटातलं पनीर शून्यावर आलं, चपाती-पराठे शून्यावर आले, बटर १२ चं ५ टक्के झालं, सगळं मान्य. पण हॉटेलात बसून खाण्यावरचा ५ टक्के होता तिथेच आहे, हे दिवसातनं चाळीस वेळा सांगायचं म्हणजे घसा बसतो. शेवटी सासरे चिडले. म्हणाले बटरची १०० ग्रॅमची वडी ६२ ची ५८ झाली, एका वडीत माझ्या हाताने चार पावभाज्या होतात, म्हणजे प्लेटमागे एक रुपया कमी कर. केला. १२० ची ११९. आता रोख देणारे म्हणतात राहू द्या हो रुपया, आणि मोबाईलवरून देणारे बरोब्बर ११९ टाकतात.

नुसता वाचक
वाचतोय. सासऱ्यांना नमस्कार सांगा :)

परळची पीजी
मी साताऱ्याची, नोकरीसाठी इथे. एकटीने हॉटेलात जेवायला सुरुवातीला कसंतरी व्हायचं, ती भीड मोडली माटुंग्याला स्टेशनजवळ रामा नायकांकडे. केळीचं पान, आणि जिथे जागा तिथे बसायचं, समोर कोण येईल ते आपलं नशीब. पहिलीपासून हिंदीचा तो जीआर (एप्रिल २०२५ मधला, जूनअखेर मागे घेतला तो) पेटलेला असताना माझ्यासमोर एक तमिळ आजोबा आले. मुंबईत जन्म, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. म्हणाले, "मुली, तुझं काय मत?" मी म्हटलं आजोबा, पहिलीत मला मराठीच धड येत नव्हतं. शेजारचा गुजराती मुलगा हसता हसता ठसकला. वाढणाऱ्याने कानडीत काहीतरी ओरडून पाणी मागवलं. नंतर वाद झालाच, आजोबा जोरात होते, मी पण. रसम मात्र तिघांनीही एकाच खुणेने मागितलं, अंगठा तोंडाशी नेऊन.

गिरणगावचा
माझा अनुभव नाही, वडिलांचा आहे, चालेल ना? लालबागला गिरणीत होते. जेवण खानावळीत, खानावळ म्हणजे पाटीबिटी काही नाही, एका मावशींची दहा बाय बाराची खोली, दोन पाळ्यांत पंगत आणि पैसे पगाराला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. वडील सांगायचे, सुरुवातीला ताटावर बसलं की संपाचे पुढारी डॉक्टर सामंत काय म्हणाले, मालक काय म्हणाले, भाकरी गार व्हायची पण चर्चा संपायची नाही. मग हळूहळू आवाज कमी झाला, मग माणसं. उधारी चढलेली, तोंड कसं दाखवणार. मावशी हिशेब कॅलेंडरच्या पाठीवर लिहायच्या आणि ते उलटंच टांगलेलं असायचं, आकडे सगळ्यांना दिसतील असे. मे महिन्यात एक दिवस त्यांनी ते सुलटं केलं. कुणी विचारलं तर म्हणाल्या, "तारीख बघाया लागती."

प्रेमा पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते अशाच खानावळवाल्या बायकांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. आमच्या मावशी त्यात नव्हत्या. त्या किराणा उधार उचलायच्या, म्हणजे आमची उधारी शेवटी त्यांच्या डोक्यावर. वडील पैसे फेडायला गेले तोवर खोलीत दुसरंच बिऱ्हाड होतं.

माहीमची मांजर
गिरणगावचा, हे वाचून थोडा वेळ काहीच टाईप करवलं नाही.

अपडेट देते. बेकरी पंधरा दिवस बंद होती, काल उघडली. 'भट्टीशेजारी' यांचा प्रतिसाद मी काकांना मोबाईलवर दाखवला, त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून अख्खा वाचला आणि म्हणाले, "बरोबर आहे त्याचं." मग ब्रून उलटा करून मला दाखवला. आधी बुडाला दगडावर टेकल्याचा करडा डाग असायचा, कधी राखेचा कण. आता सपाट, गोरापान, ट्रेची बारीक रेघ तेवढी. चहात बुडवला, दोन सेकंद धरला.

"लवकर विरघळतोय," म्हणाले, आणि दुसरा मागवला.