धागा: तुमच्या घरात काय कधी आलं?

परवा माळा आवरताना स्टोव्हची पिन सापडली. पत्र्याची पट्टी, टोकाला केसाएवढी तार. लेकीने विचारलं, हे सिमकार्ड काढायचं आहे का?

तीन पिढ्यांत रोजच्या जगण्यात काय बदललं, ते लिहाल का? 'आमच्या वेळी सगळं छान होतं' एवढंच असेल तर नको. वस्तू सांगा.

माझ्यापासून सुरुवात. आजीची चूल, आईचा स्टोव्ह. काकडा पेटवून बर्नर तापवायचा, मग पंप. मध्येच भकभक करून विझला की पिन. रॉकेलच्या रांगेत डबा ठेवून शाळेत जायचं. 1984 ला गॅससाठी नंबर लावला, सिलिंडर आला 1988 ला. आईने त्याला हळदकुंकू वाहिलं आणि आठवडाभर बाबांशिवाय कुणालाही शेगडी पेटवू दिली नाही.

मूळचा बीडकर
72 च्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा. आईवडील दोघंही खडी फोडायला. कामावर सुकडी मिळायची, ती आई पदरात बांधून आमच्यासाठी आणायची. रेशनला मिलो, अमेरिकेची लाल ज्वारी. भाकरी थापायला घेतली की कडा फाटायच्या, तव्यावर टाकेपर्यंत दोन तुकडे.
आई आता त्र्याऐंशीची. संभाजीनगरला फ्लॅटमध्ये आमच्याजवळ असते. घरात भाकरी खाणारे दोघेच, पण दरवर्षी एक क्विंटल ज्वारी भरायला लावते. दिवाणाखाली पत्र्याच्या तीन कोठ्या आहेत. श्रावणापर्यंत सोंडे होतात, बायको कटकट करते, मी गच्चीत वाळवतो. यंदा म्हटलं, वीस किलो घेऊ. आई दोन दिवस बोलली नाही. शेवटी क्विंटलच आणला.

लालबागची सून
आमच्या चाळीत मजल्यावर अठरा बिऱ्हाडं आणि टोकाला चार संडास. सकाळी टमरेल घेऊन रांग. सासरे गिरणीत होते, 1982 च्या संपानंतर वॉचमनकी केली. आता चाळ पडून टॉवर झाला. लिफ्ट, टीव्ही, फ्रीज, कशाचंच त्यांना अप्रूप नाही. फक्त घरातला संडास! आतून कडी लावून अर्धा तास पेपर वाचतात. कुणी दार वाजवायचं नाही.

बीडकरांना
कडुनिंबाचा पाला घालून बघा. आमच्याकडे सोंडे कमी होतात.

शहापूर तालुका
सगळ्यांचं वाचलं. आमचं जरा वेगळं आहे. मुंबईला पाणी देणारी तानसा, भातसा आमच्याच तालुक्यात. मार्च संपला की आमच्या पाड्यावर टँकर. तो आला नाही तर झऱ्यावर जायचं, वाटीवाटीने हंडा भरायचा. आजी जायची, आई जाते, मी नर्सिंगला ठाण्यात असते, पण सुट्टीत घरी गेले की मीही जाते. बदललं म्हणाल तर हंडा. आजीचा पितळी होता, रिकामासुद्धा जड. आता प्लास्टिकचा.

धागाकर्ती
@शहापूर, आणि गॅस?

शहापूर तालुका
उज्ज्वलाचा आहे ना, ताई. पाहुणे आले की चहापुरता पेटवतो. भरून आणायला परवडत नाही, भात-भाकरी चुलीवरच. तुमच्या आईंसारखंच, आमच्याकडेही हात लावायला बंदी आहे.