अल्डोस्टेरॉनचा रक्तदाब: नव्या औषधाच्या चाचणीसाठी सही करावी का?

रावेरकर:
आमच्या आप्पांचा (वय ६१, केळीची शेती) वरचा रक्तदाब तीन गोळ्या नियमित घेऊनही १६० च्या खाली येत नाही. रक्तातील पोटॅशियम ३.१, म्हणजे कमी आले, तेव्हा घरच्यांनी ‘केळी पिकवतात, पण खात नाहीत’ असे निदान करून टाकले. पुढे रेनिन (अल्डोस्टेरॉन बनवण्याचा इशारा देणारा घटक) अगदी कमी आणि अल्डोस्टेरॉन (मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींत बनणारे, शरीरात मीठ धरून ठेवणारे व पोटॅशियम बाहेर टाकणारे हार्मोन) जास्त निघाले. सीटी स्कॅनमध्ये त्या ग्रंथींत गाठ दिसलेली नाही. आता हे हार्मोन तयारच होऊ न देणाऱ्या नव्या औषधाच्या चाचणीसाठी त्यांना विचारणा झाली आहे. माहितीपत्रकातील ‘प्लासिबो’ हा शब्द कळल्यावर आप्पा म्हणाले, “रिकामी गोळी खायला मी जळगावला खेटे घालू का?” जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

धुळ्याचा फिजिशियन:
स्पायरोनोलॅक्टोन हे जुने औषध अल्डोस्टेरॉनला त्याच्या ग्राहकावर (रिसेप्टर, म्हणजे पेशीत ते जिथे जोडले जाऊन काम करते त्या जागी) अडवते आणि स्वस्तही आहे, परंतु पुरुषांमध्ये छाती सुजून दुखण्याची तक्रार बरीच आढळते. नवी औषधे हे हार्मोन बनवणाऱ्या विकरालाच (एन्झाइमलाच) रोखतात. अडचण अशी, की कॉर्टिसॉल (शरीराला आवश्यक असलेले दुसरे हार्मोन) बनवणारे विकर त्याच्याशी सुमारे ९३ टक्के जुळते. ऑसिलोड्रोस्टॅट हे असेच औषध रक्तदाबासाठी तपासले गेले, ते कॉर्टिसॉललाही दाबू लागले आणि अखेर कुशिंगच्या आजारासाठी (ज्यात कॉर्टिसॉल जास्त होते) वापरात आले. रिकाम्या गोळीविषयी एवढेच सांगतो: बॅक्सड्रोस्टॅट या अशाच नव्या औषधाच्या २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १२ आठवड्यांनंतर २ मिलिग्रॅम घेणाऱ्यांचा वरचा दाब १५.७ ने उतरला, तर प्लासिबोवाल्यांचाही ५.८ ने उतरला. तो गट नसता तर सारे श्रेय औषधाच्या पदरात पडले असते. मात्र हे आकडे आटोक्यात न येणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णांचे आहेत, केवळ आप्पांसारख्यांचे नव्हेत.

अमळनेरकर:
सही करण्यापूर्वी चाचणीचा सीटीआरआय (भारतातील वैद्यकीय चाचण्यांची अधिकृत नोंदवही) नोंदणी क्रमांक मागावा आणि चालू गोळ्या सुरू राहणार की थांबवणार, हे लेखी घ्यावे. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाईची तरतूद आहे, आणि सहभागी कधीही बाहेर पडू शकतो. माहितीपत्रक मराठीत नसेल तर सही करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चोपड्याची सून:
माझ्या सासूबाई स्पायरोनोलॅक्टोनवर आहेत. कोणी तरी कमी सोडियमचे मीठ सुचवले, आम्ही ते महिनाभर वरण-भाजीत घातले आणि पोटॅशियम ५.८ वर गेले, कारण त्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असते. अशा औषधांच्या काळात दर तपासणीचा कागद फाइलला लावा.

रावेरकर:
सर्वांचे आभार. क्रमांक मिळाला असून चालू गोळ्या तशाच राहणार आहेत. आप्पा जवळजवळ तयार आहेत. औषध लागू पडले तर घरची केळी बंद होणार का, एवढेच त्यांना विचारायचे आहे.

धुळ्याचा फिजिशियन:
ते पोटॅशियमचा पुढचा रिपोर्ट पाहूनच ठरेल. तोवर नेहमीइतकी खाऊ द्यावीत.