राजवाड्यांच्या नावाची निबंधस्पर्धा : विषय ‘जीवन आणि कार्य’च हवा का?

धागाकर्ता, साक्री तालुका
इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. स्मृतिशताब्दीनिमित्त आमच्या गावच्या वाचनालयाने आठवी ते दहावीच्या मुलांसाठी निबंधस्पर्धा ठेवायचे ठरवले असून ‘राजवाडे : जीवन आणि कार्य’ असा विषय सुचवला आहे. स्पर्धेला माझा पाठिंबा आहे, विषयाला नाही. ज्या माणसाने जुन्या दप्तरांसाठी गावोगाव पायपीट केली आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड काढले, त्याच्या नावाने मुलांनी एकच चरित्र उतरवून काढावे, हे मला पटत नाही. अशाच एका स्पर्धेचा मी परीक्षक होतो; निम्म्याहून अधिक निबंधांचा पहिला परिच्छेद शुद्धलेखनाच्या चुकांसकट तोच होता. त्यापेक्षा प्रत्येकाने गावातला एक जुना कागद, एक शिळा किंवा एखाद्या वृद्धाची आठवण घ्यावी आणि ती कुठे, कोणाकडून मिळाली हे लिहून मग तिच्याविषयी लिहावे.

माध्यमिक शिक्षिका, धुळे
आपली सूचना ऐकायला छान आहे, पण वर्गात टिकणार नाही. जुना कागद बहुधा मोडीत असतो आणि आमच्या शाळेत मोडी वाचणारे कोणीही नाही. शिळेवर शेंदराचे थर असतात. शिवाय राजवाडे कोण होते, हेच आमच्या बहुतेक मुलांना माहीत नाही. धुळ्यातल्या राजवाडे संशोधन मंडळावरून ती रोज जातात, पण आत काय आहे हे विचारीत नाहीत. आधी माणूस कळू द्या, मग त्याची पद्धत.

निवृत्त ग्रंथपाल
बाईंशी मी असहमत आहे. ‘कार्य’ म्हटले की मुले खंडांची संख्या लिहितात आणि गुणगान करतात. राजवाड्यांच्या अनेक व्युत्पत्ती आणि जातींविषयीची काही मते पुढच्या अभ्यासकांनी खोडून काढली, हे एकही मूल लिहिणार नाही, कारण गौरवाच्या स्पर्धेत ते लिहायचे नसते असा आपला अलिखित नियम आहे. आणि मोडीच कशाला हवी? शाळेचे जुने जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची नोंदवही, बालबोधीत असेल तर तेच उघडा.

माध्यमिक शिक्षिका, धुळे
जनरल रजिस्टर मुलांच्या हाती मुळीच देता येणार नाही. त्यात प्रत्येकाची जात आणि जन्मतारीख असते आणि जात पडताळणीसाठी लोक त्याचेच उतारे मागायला येतात. एखाद्या नोंदीवरून मुलाने चार ओळी लिहिल्या, तर दुसऱ्या दिवशी पालक मुख्याध्यापकांच्या दारात उभे राहतील. गावाचा इतिहास म्हणजे अर्धी भाऊबंदकी असते, याचा अनुभव मी बदलीच्या एका गावी घेतला आहे. मंदिर कोणी बांधले, एवढ्या साध्या प्रकल्पावरून दोन घरांनी शाळेत येणे बंद केले होते.

धागाकर्ता
रजिस्टरबाबतचा आपला आक्षेप मला मान्य आहे, ते वगळावे. पण पांझरा नदीकाठच्या गावांत फडाची बागायत आहे, तिच्याविषयी लिहायला मोडीही लागत नाही आणि कोणाची जातही विचारावी लागत नाही. नदीवरचा बंधारा, त्यातून निघालेला पाट, शिवाराचे पाडलेले फड आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे हा दंडक, हे सारे डोळ्यांसमोर आहे. पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला मोबदला कशात मिळत असे, धान्यात की पैशात, हे आजोबांना विचारून लिहिणाऱ्या मुलीचा दोन पानांचा निबंध मला वीस पानी चरित्रापेक्षा राजवाड्यांच्या जवळचा वाटतो. (माझे आजोळ फडातले आहे, त्यामुळे थोडा पक्षपात होत असेल.)

माध्यमिक शिक्षिका, धुळे
फड ज्यांच्या गावात आहे त्यांचे ठीक. धुळे शहरात, देवपुरातल्या इमारतीत राहणाऱ्या माझ्या विद्यार्थ्याने काय करावे? दोन्ही विषय ठेवावेत आणि बक्षिसे वेगवेगळी द्यावीत, इतके मी मान्य करते. मात्र आठवणीवर लिहिलेल्या निबंधाची शहानिशा कोण करणार, हे वाचनालयाने जाहिरात काढण्याआधी ठरवावे.

निवृत्त ग्रंथपाल
शहानिशेसाठी शंभरांपैकी तीस गुण ‘कोणी सांगितले, केव्हा आणि कुठे बसून’ या नोंदीला ठेवावेत. ती नोंद नसेल तर निबंध कितीही सुरेख असो, बाद. देवपुरातल्या मुलाने आजीला विचारावे, ती धुळ्यात आली तेव्हा पाणी कुठून भरत होती.